बाईंची किडनी, साहेबांचं कोलेस्टेरॉल

जावकसाहेबांनी एका सकाळी दाढी करता करता ठरवून टाकलं, की आपल्या रक्तात सापडलेलं कोलेस्टेरॉल आपण मान्य करायचं नाही. लोक बदलीचा हुकूम अमान्य करतात, निवडणुकीचा निकाल अमान्य करतात. ह्यांनी रक्ताचा रिपोर्ट अमान्य केला. गालाला फेस लावलेल्या माणसाला असले धाडसी विचार फार लवकर सुचतात.

हे जावकसाहेब एका विमा कंपनीच्या ऑफिसात बाहेर जाणारं टपाल बघायचे. पाकीट तोलायचं, त्यावर लेबल चिकटवायचं, शिक्का मारायचा आणि पोत्यात टाकायचं. येणारं टपाल बघायला शेजारच्या टेबलावर आवकवाला होता. दोघांची खरी नावं ऑफिसात कुणाच्या लक्षात नव्हती, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

तर ह्या जावकसाहेबांच्या दोन्ही किडन्यांनी मागे कधीतरी संप पुकारला. औषधं झाली, मशीनवर रक्त धुऊन झालं, संप काही मिटेना. शेवटी बायकोनं स्वतःची एक किडनी काढून दिली. बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून अख्खं गाव तिला 'बाई' म्हणायचं. (जावकसाहेबही मनातल्या मनात बाईच म्हणायचे. तोंडानं 'अगं' म्हणायचे, पण दबकत.) ऑपरेशनच्या आधी बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "माझे दोन वजा एक, राहिला एक. तुमचं शून्य अधिक एक, झाला एक. हिशेब बरोबर आला. आता रडताय कशाला?"

किडनी लागू पडली. नुसती लागू पडली नाही, कामाला लागली. नव्या ठिकाणी बदलून आलेल्या कडक हेडबाईंसारखा तिनं सगळा कारभार हातात घेतला. जावकसाहेबांची सूज उतरली, तोंडाला चव आली, भूक तर अशी लागायला लागली की ऑफिसात डिंकाची बाटली उघडली तरी त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सगळं छान चाललेलं असताना एका तपासणीत किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. ह्या डॉक्टर वयानं तरुण, आवाजानं मऊ आणि बोलायला खमक्या होत्या.

"कोलेस्टेरॉल वाढलंय साहेब. आणि रक्तातली बाकीची चरबीसुद्धा."

"शक्य नाही. मला जन्मात कधी कोलेस्टेरॉल नव्हतं," जावकसाहेब ताठ बसून म्हणाले. "हे किडनीबरोबर आलेलं असणार."

"माझ्या किडनीला नावं ठेवायची नाहीत!" बाई कडाडल्या.

"किडनीचा दोष नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाल्या. "तुमचं शरीर ही किडनी परकी समजून बाहेर हाकलायला बघतं. तसं करू नये म्हणून आपण गोळ्या देतो. त्याच गोळ्यांनी रक्तातली चरबी वाढते आणि भूकही वाढते. पुष्कळ पेशंटना होतं. पण दुर्लक्ष केलं तर किडनी शाबूत राहील आणि हृदय दगा देईल. म्हणून आणखी एक गोळी घ्यायची आणि बटर, केक, तळलेलं बंद करायचं."

"गोळीनं वाढलंय ना? मग गोळीनंच उतरेल. त्यात माझ्या बटर टोस्टचा काय संबंध?"

"टोस्ट बंद," डॉक्टर म्हणाल्या.

"टोस्ट बंद," बाई म्हणाल्या. दोन बायकांचं इतक्या चटकन एकमत झालं की पुरुषानं खुर्चीवरून उठावं हेच बरं.

त्या दिवसापासून घरात भोपळ्याचं राज्य सुरू झालं. उकडलेला भोपळा, उकडलेला कोबी, उकडलेलं अंडं (त्यातला पिवळा बलक बाई चमच्यानं अलगद काढून घ्यायच्या), आणि कधी चैन म्हणून भोपळ्याचंच सूप. जावकसाहेबांनी तोंड वाकडं केलं की बाई शांतपणे म्हणायच्या, "तुमच्यासाठी नाही, माझ्या किडनीसाठी खा. ती आत एकटी आहे." दुसऱ्या कुणाची किडनी असती तर माणूस भांडला तरी असता. इथे मालकीणबाई समोरच बसलेल्या, आणि त्यासुद्धा ताटात तोच भोपळा घेऊन. "तुम्ही खाताय तेच मीही खातेय," असं म्हणून त्यांनी तक्रारीचं दारच लावून घेतलं होतं.

"पण शरीर माझं आहे की नाही?" जावकसाहेबांनी ऑफिसात आवकवाल्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. "भाडेकरू ठेवला म्हणून घरमालकानं भोपळा खायचा?"

"बंड कर," आवकवाला बिस्किटाचा चुरा झटकत म्हणाला. त्याला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळंच होतं, आणि त्यातलं काहीच तो मानत नव्हता. जावकसाहेबांना तो थोर पुरुष वाटायचा.

पुढची तपासणी जवळ आली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की कोलेस्टेरॉल उतरलं असेल तर रविवारचा एक बटर टोस्ट परत देईन. नसेल तर गोळी वाढवीन आणि पथ्य आणखी आवळीन. आणखी आवळायचं म्हणजे काय आवळायचं, हेच जावकसाहेबांना कळेना. भोपळ्याच्या पलीकडे आता नुसतं गरम पाणी उरलं होतं. आणि ह्या खेपेला रिपोर्ट वाईटच येणार अशी त्यांची खात्री होती, कारण आवकवाल्याच्या डब्यातली बिस्किटं मधूनमधून त्यांच्या तोंडात आपल्या पायांनी चालत जात होती.

एका रात्री जेवता जेवता जावकसाहेबांचा हात हवेतच थांबला. समोर बाई भोपळा खात होत्या. सडपातळ बांधा, कधी सर्दी नाही की पडसं नाही, आणि किती महिने तरी बिनबटरचं जेवण! ह्या बाईचं रक्त काचेसारखं स्वच्छ असणार.

"अगं," ते मधाळ आवाजात म्हणाले, "किडनी देणाऱ्यानं दर वर्षी तपासून घ्यायचं असतं ना? तू सारखी टाळतेस. ह्या खेपेला माझ्याबरोबर तुझंही रक्त देऊन टाकू. मला तुझी काळजी वाटते गं."

बाईंचे डोळे भरून आले. "इतकं कळतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी सुपात मीठ जरा बरं पडलं. (जावकसाहेबांना थोडी लाज वाटली. पण लाज आणि टोस्ट अशी कुस्ती लागली की टोस्टच जिंकतो.)

रक्तवाला सकाळीच घरी आला. लॅबचा हा माणूस हसरा होता, पण सदानकदा घाईत. त्यानं आधी साहेबांचं रक्त घेतलं, मग बाईंचं. दोघांच्या नळ्या स्टँडवर वेगवेगळ्या ओळीत लावल्या आणि नावाच्या चिकटपट्ट्या काढल्या, एवढ्यात त्याचा फोन वाजला. पलीकडचा पेशंट उपाशीपोटी वाट बघून खवळला होता, आणि त्याचा आवाज फोनबाहेर खोलीभर ऐकू येत होता.

"आलो, आलो साहेब! निघालोच!" रक्तवाला फोन खांद्यात धरून लेबलाचं टोक सोडवत होता, आणि ते लेबल त्याच्या हातमोज्याला जाऊन चिकटलं. बाई हातावर कापूस दाबत चहा टाकायला आत गेल्या.

"द्या इकडे," जावकसाहेब बाह्या सारत म्हणाले. "ह्यातच हयात गेली माझी."

आणि त्यांनी लेबलं लावली. अहाहा, काय लावली! सुरकुती नाही, फुगा नाही, कडा एका रेषेत. रक्तवाला फोन ठेवून बघतच राहिला. "साहेब, इतकं सरळ लेबल आमच्या लॅबमध्ये कुणी लावत नाही!"

सरळ लेबलं वाकड्या कामासाठी लावली होती. साहेबांच्या नावाची पट्टी बाईंच्या रक्तावर गेली, आणि बाईंच्या नावाची साहेबांच्या. नोकरीत एक पाकीटही चुकीच्या पत्त्यावर न पाठवलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चुकीचं टपाल पाठवलं. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी आवकवाल्याची दोन बिस्किटं उघड उघड, सगळ्यांच्या देखत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. असाल तसे निघून या, बाईंना घेऊन या, उशीर करू नका.

"बघितलंस?" जावकसाहेब रिक्षात म्हणाले. "रिपोर्ट इतका चांगला आलाय की त्यांना धीर निघेना."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र टोस्ट दिसत नव्हता.

"साहेब, खरं सांगा. गोळ्या कधीपासून बंद केल्यात?"

"कुठल्या गोळ्या?"

"किडनी टिकवायच्या."

"छे हो! एक चुकवलेली नाही."

"मग तुमच्या रक्तात त्या औषधाचं प्रमाण शून्य कसं?"

"शून्य?" बाईंनी विचारलं.

"शून्य."

गणिताच्या बाईंना शून्य समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि जावकसाहेबांच्या डोक्यात त्या क्षणी जे घडलं त्याला उजेड पडणं म्हणायचं की वीज पडणं, हे तुम्हीच ठरवा. दर तपासणीला त्याच रक्तातून गोळ्यांचं प्रमाणही बघतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त टोस्टच्या नादात ते साफ विसरले होते. बाईंच्या रक्तात ते औषध असणार कुठून? त्या थोड्याच त्या गोळ्या घेत होत्या!

"रोज समोर उभी राहून गोळी देते मी!" बाई उसळल्या. "गिळत नव्हतात? गालात धरून ठेवत होतात? खिडकीतल्या कुंडीत टाकत होतात ना? तरीच ते झाड इतकं तरारलंय!"

"अगं, झाडाचा काही संबंध नाही..."

"कोलेस्टेरॉल तर विचारूच नका," डॉक्टर पान उलटत म्हणाल्या. "मागच्यापेक्षा कितीतरी वर गेलंय. किडनीचा आकडा अजून ठीक दिसतोय, पण मी वाट बघणार नाही. आत्ता ॲडमिट व्हा. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासू, आणि सलाईनमधून जोराचं औषध सुरू करू."

कोलेस्टेरॉल वर? जावकसाहेब चक्रावले. स्वच्छ रक्त देऊन आकडा वर? पण त्यावर विचार करायला सवड कुणी दिली! नर्सनं त्यांना पाठीमागून उघडा असलेला तो हॉस्पिटलचा झगा चढवला, खाटेवर बसवलं आणि त्यांची पँट घडी करून बाईंच्या मांडीवर दिली. अजूनही सांगता आलं असतं. पण बंडखोर माणसाचं एक असतं, त्याला राजवट उलथवता येते, 'माझं चुकलं' म्हणता येत नाही. आत्ता सांगावं, जरा वेळानं सांगावं, डॉक्टर एकट्या सापडल्या की सांगावं, असं म्हणत साहेब झग्याची मागची बाजू घट्ट धरून बसून राहिले.

बाई भांडतील, ओरडतील, असं त्यांना वाटलं होतं. त्याला ते तयार होते. बाई भांडल्या नाहीत. त्या पँटच्या घडीवरून हात फिरवत राहिल्या.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी फार घाबरले होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दाखवलं नाही. तुम्ही रडत होता, दोघांनी रडून कसं चालेल? मला वाटलं, माझा एवढा तुकडा ह्यांच्यात राहणार, हे त्याला जपतील. इतका वैताग आला होता तर मला सांगायचं होतंत ना. मी दिला असता हो एक टोस्ट. गोळ्या टाकून द्यायच्या?"

आणि त्या रडायला लागल्या. शाळेत ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प व्हायचा, त्या बाई नवऱ्याच्या पँटमध्ये तोंड खुपसून रडायला लागल्या. नर्स सुयांचा ट्रे घेऊन आत आली, मागोमाग डॉक्टर आल्या, आणि साहेब ओरडले, "अगं, ते रक्त तुझं आहे!"

"हो, माझंच!" बाई हुंदका देत म्हणाल्या. "किडनी माझी, जीव माझा, आणि तुम्हाला त्याची काही..."

"तसलं नाही गं! खरोखरचं तुझं! नळीतलं! लेबलं मी बदलली! गोळ्या मी सगळ्या घेतल्यात, एकूण एक, तुझी शपथ! मला फक्त टोस्ट पाहिजे होता!"

नर्सनं ट्रे खाली ठेवला. डॉक्टर जवळच्या स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे चोळायला लागल्या.

"म्हणजे गोळ्यांचं प्रमाण शून्य आलं," त्या एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "कारण बाई त्या गोळ्या घेतच नाहीत."

"हो."

"साहेब, मी आत्ता तुमच्या पोटात सुई घालणार होते. तुम्हाला काही कळतं का?"

"हो."

"काय हो?"

"हो, म्हणजे नाही. म्हणजे, माझं चुकलं." (निघालं एकदाचं. झगा मागून उघडा असला की माणूस नम्र होतो.)

बाईंनी डोळे पुसले, पँट बाजूला ठेवली आणि पदर खोचला. आता साहेबांचं काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. पण तेवढ्यात डॉक्टरांची नजर पुन्हा रिपोर्टवर गेली.

"मग हे एवढं वाढलेलं कोलेस्टेरॉल कुणाचं?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. खोचलेला पदर बाईंनी हळूच पुन्हा सोडला.

"अगं, तू तर माझ्याबरोबर भोपळा खात होतीस!"

"भोपळा खातच होते," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पण फ्रीजमधलं बटर होतं ना, ते मैत्रिणीला दिलं असं मी म्हणाले होते, पण तिनं ते घेतलंच नाही. चांगलं बटर, टाकवेना."

"आणि केक?"

"तोही टाकवेना."

"आणि त्या अंड्यांमधले बलक? रोजचे?"

"ते जातात कुठे मग? मी उभ्यानं खाल्लं हो सगळं, ओट्यापाशी. ताटात वाढून घेतलं नाही की टेबलावर बसले नाही. उभ्यानं खाल्लेलं काय मोजायचं?"

सगळ्या शाळेला हिशेब शिकवणारी बाई, आणि उभ्यानं खाल्लेलं मोजत नाही! जावकसाहेबांना हसू आलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, आणि भीतीच जास्त. हिच्याकडे आता एकच किडनी. आणि हिचं हृदय, जे इतके दिवस दोघांची काळजी वाहत होतं, त्याच्या नळ्यांत बसलंय हे सगळं बटर. त्यांच्या ताटातून काढलेलं बटर.

डॉक्टरांनी मग दुसरा रिपोर्ट मागवला, तो बाईंच्या नावाचा, म्हणजे साहेबांच्या रक्ताचा. तो वाचून त्या हसल्या. "अभिनंदन. गोळीनं काम केलंय, पथ्यानंही. कोलेस्टेरॉल पाहिजे तिथे उतरलंय. नळ्यांना हात लावला नसतात तर आज घरबसल्या तुमचा टोस्ट मंजूर झाला असता. आता उद्या दोघांचं रक्त पुन्हा घेऊ, आणि तोवर तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही."

दुसऱ्या दिवशी रक्तवाला आला तो हसत नव्हता. त्यानं साहेबांना दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला लावले आणि तो लेबलं लावेपर्यंत बाई शाळेतली लाकडी पट्टी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. रिपोर्ट तेच आले. साहेबांच्या रक्तात औषध अगदी पुरेपूर, कोलेस्टेरॉल बेताचं. बाईंचं कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे, उंचावर. डॉक्टरांनी साहेबांना टोस्ट दिला आणि बाईंना पथ्य दिलं.

"मी नाही करणार पथ्यबिथ्य," घरी आल्या आल्या बाईंनी जाहीर केलं. "एक किडनी दिली. आता बटरही देऊ? माणसाकडे काही राहू द्याल की नाही?"

"अगं, डॉक्टर म्हणाल्या ना..."

"डॉक्टरांना काय होतंय म्हणायला! शरीर माझं आहे!"

हे वाक्य कुणाचं होतं हे साहेबांना चांगलंच आठवलं, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते कंबर कसून उभे राहिले आणि बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "शरीर तुझं असेल. पण तुला काही झालं तर मी काय करू? मला नकोय तो टोस्ट! डॉक्टरांनी दिला असला तरी नकोय! ह्या घरात आता बटर येणार नाही. आजपासून स्वयंपाक मी करणार, तू फक्त बसून खायचं. उभ्यानं नाही, बसून! हा माझा हुकूम आहे!"

बाई बघतच राहिल्या. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं हुकूम असा सोडलाच नव्हता. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, आणि त्या निमूट टेबलाशी जाऊन बसल्या.

जावकसाहेबांनी ॲप्रन बांधला. भोपळा कापला, बोट कापलं, बोट बांधलं, पुन्हा भोपळा कापला. काय घातलं, काय विसरलं, किती वेळ उकडलं, ते त्यांचं त्यांना माहीत. घामाघूम होऊन त्यांनी ताट बाईंपुढे ठेवलं आणि छाती पुढे काढून उभे राहिले. बाईंनी एक घास घेतला. तो चावला. बराच वेळ चावला. मग पाण्याचा घोट घेऊन तो खाली ढकलला, चमचा शांतपणे ताटात ठेवला आणि हात पुढे केला.

"काय हवंय? मीठ?" साहेबांनी आशेनं विचारलं.

"माझी किडनी परत द्या," बाई म्हणाल्या.